एका मताचे तीस लाख फ्रँक: आन्येस ल रू प्रकरण

३० जून १९७७ या दिवशी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या नीस शहरात एका कसिनो कंपनीची सर्वसाधारण सभा झाली. सभेपुढचा प्रश्न एवढाच होता, की अध्यक्षपदी रने ल रू यांना ठेवायचं की त्यांना पायउतार करायचं. भागांची वाटणीच अशी होती की एका भागधारकाच्या मताने पारडं फिरणार होतं. ते मत रने यांच्या पोटच्या मुलीचं होतं. आन्येस, वय २९. तिने आईच्या विरुद्ध मत दिलं आणि रने यांचं अध्यक्षपद गेलं.

या मताचे आन्येसला ३० लाख फ्रँक मिळाले. पैसे देणारा होता त्याच शहरातल्या प्रतिस्पर्धी कसिनोचा मालक. व्यवहार जुळवून देणारा होता आईचा वकील, आणि एव्हाना तो मुलीचा प्रियकर झाला होता. ऑक्टोबर संपता संपता आन्येस नाहीशी झाली. तिचा मृतदेह आजवर सापडलेला नाही. तिची पांढरी रेंज रोव्हर गाडीही सापडलेली नाही.

या प्रकरणावर आंद्रे तेशिने यांनी २०१४ मध्ये चित्रपट काढला. आईचं काम कातरीन दनव यांनी केलं, वकिलाचं गियोम काने यांनी आणि आन्येसचं आदेल एनेल हिने. बहुतेकांना त्यात प्रेम आणि सूड दिसतो. माझ्या मनातून मात्र ती सभा जाईना. मी कंपनी सेक्रेटरीचं काम करते. कुटुंबाच्या मालकीच्या छोट्या कंपन्यांच्या सभा भरवणं, नोटिसा काढणं, इतिवृत्तं लिहिणं यात माझी वीस वर्षं गेली. म्हणून हे प्रकरण मी खुनापासून वाचायला सुरुवात केली नाही. मताच्या आधी काय काय घडलं, तिथून केली.

वारसा होता, पैसा नव्हता

नीसच्या समुद्राला लागून प्रोमनाद देझांग्ले नावाचा लांबच लांब रस्ता आहे. त्या रस्त्यावर १९२९ मध्ये पाले द ला मेदितेराने ही इमारत उभी राहिली. फ्रँक जे गूल्ड या अमेरिकन धनिकाने ती बांधून घेतली, आराखडा शार्ल आणि मार्सेल दालमास यांचा. समोरून पाहिलं तर पांढऱ्या दगडाच्या उंच कमानी आणि त्यावर सार्तोरिओ या शिल्पकाराची उठावशिल्पं. कसिनो, नाट्यगृह, उपाहारगृह असं सगळं त्या एका इमारतीत होतं. नीसच्या लोकांना या वास्तूचा अभिमान वाटायचा.

रने यांचे पती आँरी ल रू यांचा या कसिनोत मोठा हिस्सा होता. १९६७ मध्ये ते वारले. रने मूळच्या मॉडेल, बालेंसियागा या नामांकित वस्त्रगृहासाठी काम केलेल्या. पंचेचाळिशीत वैधव्य आलं, पदरात मुलं आणि नवऱ्याच्या नावचे भाग. फ्रान्सच्या कायद्यात आई-वडिलांना मुलांना वारशातून पूर्णपणे बाहेर ठेवता येत नाही. मालमत्तेचा ठरलेला हिस्सा मुलांसाठी राखीवच असतो, मुलगा-मुलगी हा भेद न करता. तेव्हा वडिलांच्या मागे आन्येस आणि तिची भावंडं भागधारक झाली.

आपल्याकडे तलाठी कार्यालयाच्या बाहेर किंवा दुय्यम निबंधकाकडे बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या करण्याचा जो कार्यक्रम असतो, तो आन्येसच्या वाट्याला आला नाही. हक्क तिच्या नावावर लागला. पण लागला म्हणजे हातात काय आलं? बाजारात ज्यांना सहज गिऱ्हाईक मिळत नाही असे भाग. लाभांश द्यायचा की नाही ते संचालक मंडळ ठरवणार, आणि कसिनो तोट्यात चाललेला. संसार मोडून आन्येस नीसला परतली तेव्हा तिला स्वतःच्या पायावर उभं राहायचं होतं आणि त्यासाठी वडिलांच्या वारशातला आपला वाटा रोखीत हवा होता. आई म्हणत होती, आत्ता नाही, आत्ता कसिनो वाचवायचा आहे.

मला यात दोघींचंही पटतं. आईने भाग विकून मुलीला पैसे दिले असते तर कंपनीवरचा ताबा गेला असता. मुलीने थांबायचं म्हटलं तर किती वर्षं, हे कोणीच सांगत नव्हतं. कुटुंबाच्या कंपनीत अडकलेला पैसा हा पैसाच नसतो, असं माझ्याकडे येणाऱ्या किती लेकींनी मला सांगितलंय! आणि त्यांच्या भावांना, आयांना मी हेही म्हणताना ऐकलंय, की हिला एवढी घाई का?

या चिंचोळ्या जागेत तिसरा माणूस शिरला.

मधला माणूस

मोरिस आन्येले. मराठीत लिहिताना त्याचं आडनाव आणि तिचं नाव एकमेकांत मिसळतं, म्हणून इथून पुढे त्याला मोरिसच म्हणते. १९३८ चा जन्म, नीसमधला वकील, बायको-मुलं असलेला. मानवाधिकार संघटनेच्या स्थानिक शाखेचा अध्यक्ष, फ्रीमेसन या गुप्त बंधुसंघाचा सदस्य. बोलण्यात गोड, कायद्यात हुशार. बायकांशी त्याचे एकाच वेळी अनेक संबंध असायचे आणि हे शहरात फारसं लपून नव्हतं.

१९७५ मध्ये एका इटालियन टोळक्याने पालेच्या टेबलांवर ५० लाख फ्रँक जिंकले. यात काहीतरी पाणी मुरतंय असा संशय होता, पण कसिनोची तिजोरी मात्र त्या फटक्याने खिळखिळी झाली. नेमक्या याच काळात जवळच रूल नावाचा नवा झगमगीत कसिनो सुरू झाला होता. मालक जाँ-दोमिनिक फ्रातोनी. इटालियन माफियाशी त्याचे लागेबांधे आहेत, असं शहरात उघड बोललं जायचं. महापौर जाक मेदसँ यांचा त्याला वरदहस्त होता. हेच महापौर पुढे १९९० मध्ये भ्रष्टाचाराच्या आरोपांपायी थेट उरुग्वेला पळून गेले. त्यावरून त्या काळच्या नीसचा अंदाज यावा.

अशा वेळी १९७६ मध्ये रने कसिनोच्या अध्यक्ष झाल्या, आणि त्यात मोरिसने त्यांना बरीच मदत केली. तो त्यांचा सल्लागार होता. आन्येसच्या घटस्फोटाचं कामही त्याच्याकडेच आलं. एका घरातल्या दोन पिढ्यांची कागदपत्रं, दोघींची गुपितं, दोघींचे राग एकाच माणसाकडे जमा होत गेले. मग त्याने रने यांच्याकडे कसिनोतलं मोठं पद मागितलं. रने यांनी नकार दिला.

माझ्या मते प्रकरणाचा सांधा इथे आहे. खटल्यांमध्ये आणि वर्तमानपत्रांत सगळा भर प्रेमप्रकरणावर राहिला, पण वकील आईचा असताना त्याने मुलीचं काम घेतलं तेव्हाच खरं तर कुणीतरी हात धरायला हवा होता. आई आणि मुलगी यांचं हित एकमेकांच्या विरुद्ध जातंय हे दोघींच्याही आधी त्याला कळलं होतं. दोघींना काय खुपतंय हे माहीत असलेला तो एकटाच होता. आईवर नाराज झाल्यावर तो प्रतिस्पर्ध्याकडे गेला, तेव्हा रिकाम्या हाताने गेला नाही. त्याच्याकडे मुलगी होती, आणि मुलीकडे मत होतं.

फ्रातोनीला पाले हवा होता. आन्येसला रोकड हवी होती. मोरिसने दोन्ही टोकं जुळवली. मतासाठी पैसे देणं-घेणं फ्रेंच कंपनी कायद्यानुसार गुन्हा आहे. मत विकत घेण्याच्या या व्यवहारात साथ दिल्याबद्दल १९८० च्या दशकात मोरिसला वेगळी शिक्षाही झाली. ती खुनाची नव्हे. पण व्यवहार झाला होता, याला न्यायालयाचा शिक्का आहे.

एक आठवण इथे सांगते. माझ्या कामातल्या एका कुटुंबाची सभा होती, गाव आणि नावं सोडून देते. संचालक बदलायचा ठराव, सूचक धाकटा भाऊ. थोरल्या भावाच्या घरीच सभा, दिवाणखान्यात. मधल्या बहिणीने मत द्यायचं होतं. वहिनींनी चहा आणून ठेवला होता आणि तो तसाच साय धरून राहिला. बहिणीने हात वर केला, अगदी कोपरापर्यंतच, आणि लगेच पदर सारखा करायला खाली घेतला. थोरल्याने तिच्याकडे पाहिलं नाही, तो हजेरीपुस्तकातल्या तिच्या सहीकडे बघत राहिला. इतिवृत्तात मी लिहिलं, “ठराव बहुमताने संमत.” त्यानंतर त्या बहिणीचं माहेर संपलं. पैसे तिला मिळाले, पण दिवाळीला जायला घर राहिलं नाही. आन्येसने आईविरुद्ध मत दिल्याचं वाचलं की मला तो अर्धवट उचललेला हात दिसतो.

उन्हाळा ते पानगळ

मतानंतर आन्येसचं जग झपाट्याने आक्रसलं. आईशी संबंध तुटले. मिळालेले ३० लाख फ्रँक स्वित्झर्लंडमधल्या बँकेत गेले. खातं होतं आन्येस आणि मोरिस या दोघांच्या संयुक्त नावाने. ज्या पैशासाठी तिने आईला दुखावलं, तो पैसाही तिच्या एकटीच्या ताब्यात नव्हता. आणि पैसे हाती पडल्यावर मोरिसचं वागणं थंडावलं. त्याचं दुसऱ्या एका स्त्रीशी प्रकरण जोरात होतं.

ऑक्टोबर १९७७ मध्ये आन्येसने दोनदा आत्महत्येचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा ती वाचली. महिनाअखेरीस सर्वसंतदिनाची सुट्टी आली. आपल्या पितृपंधरवड्यासारखे तिकडे लोक त्या दिवसांत कबरींवर फुलं वाहायला जातात. त्या सुट्टीच्या आसपास, ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून २ नोव्हेंबरपर्यंतच्या काळात केव्हातरी, ती गाडीसह दिसेनाशी झाली.

तिच्या घरात एक चिठ्ठी सापडली. माझा रस्ता इथे संपतोय, सगळं ठीक आहे, आणि सगळं काही मोरिसने बघावं अशी माझी इच्छा आहे, अशा आशयाची. वरवर ही आत्महत्येची चिठ्ठी. पण तपासात तिची छायाप्रत मोरिसच्या कार्यालयात मिळाली. ज्या बाईने ऑक्टोबरमध्ये दोन वेळा मरायचा प्रयत्न केला होता, तिची ही चिठ्ठी त्या आधीच्या प्रयत्नांपैकी एकाच्या वेळची असावी, असा तपासकर्त्यांचा तर्क होता. आत्महत्या म्हणावी, तर देह कुठे आणि गाडी कुठे, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता आणि त्याला उत्तर मिळालं नाही.

संयुक्त खात्यातली जवळजवळ सगळी रक्कम पुढच्या काही महिन्यांत मोरिसच्या ताब्यात गेली होती.

मोरिसला नोंदी ठेवायची खोड होती. फोनवरची संभाषणं तो टेप करून ठेवायचा. फ्रान्समध्ये प्लेयाद नावाची एक ग्रंथमाला आहे, बायबलसारखा पातळ कागद आणि चामडी बांधणी असलेली, घरात मिरवायची पुस्तकं. त्या पुस्तकांच्या आतल्या पानांवर तो तारखा आणि मोजक्या शब्दांत आयुष्यातल्या घडामोडी टिपून ठेवायचा. न्यायालयात या टिपणांचा बराच कीस पडला. ज्या आठवड्यात आन्येस नाहीशी झाली, त्या आठवड्याच्या नोंदीचा अर्थ काय लावायचा यावर दोन्ही बाजूंच्या वकिलांनी तासन्‌तास घालवले. मला वाटतं, अशा टिपणांत माणूस दिसतो, पण गुन्हा सिद्ध होत नाही. ज्याला आधीच संशय आहे, त्याला त्यात कबुली दिसते.

कसिनोचं पुढे काय झालं ते दोन ओळींत सांगते. रने पदावरून गेल्यानंतर १९७८ मध्ये पाले बंद पडला. फ्रातोनीही फार काळ टिकला नाही. तो परदेशी पळाला आणि करचुकवेगिरीपायी त्याला त्याच्या गैरहजेरीत शिक्षा झाली.

आई उभी राहते

रने यांची मुलगी त्यांच्याशी भांडून, त्यांना पदावरून खाली खेचून गेली होती. तरी मुलगी हरवली हे कळल्यावर त्यांनी पुढची जवळजवळ चार दशकं दुसरं काही केलं नाही. “माझ्याशी अशी वागली” हा शब्द त्यांनी आड येऊ दिला नाही. या बाईंबद्दल मला अतोनात आदर वाटतो. मुलीचं मत त्यांच्या विरुद्ध गेलं त्या दिवसापासून मुलीला परत भेटायची संधी त्यांना मिळाली असती तर, हा विचार त्यांनी किती रात्री केला असेल!

फ्रान्सच्या कायद्यात पीडिताला एक हत्यार मिळतं, ते समजून घेण्यासारखं आहे. तिथे गुन्ह्याने ज्याचं नुकसान झालं तो माणूस स्वतः फौजदारी प्रकरणात पक्षकार होऊ शकतो. पोलीस किंवा सरकारी वकील हलत नसतील, तर पक्षकार म्हणून तक्रार दाखल करून तो तपास-न्यायाधीशाला कामाला लावू शकतो. त्याच्या वकिलाला तपासाचे कागद पाहता येतात आणि खटल्यात तो साक्षीदारांना प्रश्न विचारू शकतो. आपल्याकडे फिर्यादी बहुतेकदा सरकारी वकिलाच्या मागच्या बाकावर बसून राहतो. रने यांनी १९७८ च्या सुरुवातीला तक्रार दिली आणि या हक्काच्या जोरावर प्रकरण जिवंत ठेवलं.

१९८३ मध्ये मोरिसवर खुनाचा आरोप ठेवला गेला. पण १९८५ मध्ये तपास-न्यायाधीशांनी पुरेसा पुरावा नाही म्हणून प्रकरण खटल्यापर्यंत न नेताच बंद केलं. याचं मुख्य कारण एका स्त्रीची साक्ष. मोरिसचं जिच्याशी प्रकरण चालू होतं, तिनेच सांगितलं की त्या सुट्टीत तो माझ्याबरोबर जिनिव्हातल्या हॉटेलात होता. देह नाही, हत्यार नाही, गाडी नाही, गुन्ह्याची जागाही माहीत नाही, आणि आरोपी दुसऱ्या देशात होता असं शपथेवर सांगणारी साक्षीदार. इथे कोणताही न्यायाधीश थांबला असता.

असं बंद झालेलं प्रकरण फ्रान्समध्ये नवा पुरावा आल्याशिवाय उघडता येत नाही. १९९९ मध्ये तो आला. त्याच स्त्रीने सांगितलं, की मी खोटं बोलले होते. मधल्या काळात तिचं मोरिसशी लग्न होऊन मोडलंही होतं. २००० मध्ये तपास पुन्हा सुरू झाला. रने तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेल्या होत्या.

तीन खटले

२००६ च्या अखेरीस नीसमध्ये खटला उभा राहिला. आन्येस नाहीशी होऊन २९ वर्षं झाली होती, म्हणजे ती जितकी वर्षं जगली तितकीच. २० डिसेंबरला ज्युरींनी मोरिसला निर्दोष सोडलं. फ्रान्समध्ये निर्दोष सुटलेल्या माणसाविरुद्ध पीडिताच्या घरच्यांना शिक्षेसाठी अपील करता येत नाही, ते फक्त सरकारी पक्ष करू शकतो, आणि तो अधिकारही २००२ च्या कायद्याने आलेला. सरकारी पक्षाने अपील केलं. एक्स-आँ-प्रोव्हांस इथे नव्या ज्युरींपुढे सगळं पुन्हा पहिल्यापासून चाललं. साक्षीदार तेच, टिपणं तीच, चिठ्ठी तीच. ११ ऑक्टोबर २००७ रोजी निकाल आला: दोषी, वीस वर्षं कैद.

मोरिस ही लढाई स्ट्रासबूरच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयात घेऊन गेला. त्याच्या म्हणण्याचा गाभा असा होता, की मला का दोषी ठरवलं हे कोणी मला सांगितलेलंच नाही. हे अक्षरशः खरं होतं. त्या काळी फ्रान्समध्ये ज्युरी निकालाची कारणं लिहीत नसत. कायदा त्यांना पुराव्याचा हिशोब मागत नाही, एकच प्रश्न विचारतो: तुमची मनापासून खात्री पटली आहे का? एक्समध्ये १२ ज्युरी आणि ३ न्यायाधीश अशा १५ जणांपुढे फक्त दोन प्रश्न ठेवले गेले होते. आरोपीने आन्येसला जाणूनबुजून ठार मारलं का? ते पूर्वनियोजित होतं का? दोन्हींना उत्तर आलं, होय, किमान दहा मतांच्या बहुमताने. बस्स.

१० जानेवारी २०१३ रोजी स्ट्रासबूरच्या न्यायालयाने मोरिसच्या बाजूने निकाल दिला. ज्या प्रकरणात देह नाही, जागा माहीत नाही, हत्येची पद्धत माहीत नाही, आणि खालच्या ज्युरींनी त्याच पुराव्यावर निर्दोष सोडलेलं आहे, तिथे दोन होकार म्हणजे न्याय्य सुनावणी होत नाही. रने यांच्याविषयी मला कितीही वाटत असलं, तरी हा निकाल मला पूर्ण पटतो. ज्याला वीस वर्षं आत घालायचं त्याला कारण सांगितलंच पाहिजे. साधा ठराव संमत करताना आम्ही “सविस्तर चर्चेअंती” असं लिहितो आणि त्या दोन शब्दांमागे काय चर्चा झाली हे विचारायचा हक्क भागधारकाला असतो. २०१२ पासून फ्रान्समध्येही निकालाची मुख्य कारणं लेखी द्यावी लागतात.

तिसरा खटला मार्च २०१४ मध्ये ब्रिटनी प्रांतातल्या रेन शहरात सुरू झाला. मोरिस ७६ च्या घरात. पुरावा तोच जुना, आणि पारडं परत कुठेही झुकू शकेल असं वातावरण.

७ एप्रिलला त्याच्या मुलाने साक्ष दिली.

हा मुलगा आधीच्या खटल्यांत बापाचा सगळ्यात खंदा पाठीराखा होता. बाप निर्दोष आहे हे सांगत तो वकिलांबरोबर, पत्रकारांबरोबर वर्षानुवर्षं झगडला होता. त्या दिवशी उभं राहून त्याने सांगितलं, की माझ्या वडिलांनी आन्येसला मारलं आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मी किशोरवयात असताना त्यांनीच मला सुचवलं होतं, की देह सापडत नाही तोवर चिंता नाही, आणि देह कुठे आहे हे त्यांना ठाऊक आहे. पुढे आईने मला बाकीचं सांगितलं: वडील आणि आन्येस इटलीत मोन्ते कासिनो या डोंगराच्या बाजूला फिरायला गेले होते, उघड्यावर मुक्काम केला होता, आन्येस झोपेत असताना वडिलांनी तिला गोळी घातली आणि देह रानात टाकला.

न्यायालयाने त्याच्या आईला व्हिडिओ दुव्यावरून विचारलं. मोरिसपासून ती केव्हाच वेगळी झाली होती. तिने सांगितलं, मी असं काही बोललेलेच नाही. पडद्यावर आई आणि समोर मुलगा, दोघं एकमेकांना खोटं ठरवत होते. दुसरा मुलगा बापाच्या बाजूने राहिला. मोरिस शेवटपर्यंत नाकारत होता.

दुसऱ्या एका घराचे तुकडे आता सगळ्यांसमोर पडत होते. मला त्या मुलाचं फार वाटतं. हे ओझं त्याने तीस वर्षं छातीवर वागवलं, आणि त्या सगळ्या काळात बापाच्या निर्दोषत्वासाठी धावपळही केली. हे दोन्ही एकाच माणसात कसं राहू शकतं असं काहींनी विचारलं. ज्यांनी घरातलं एखादं मोठं गुपित सांभाळलं आहे, त्यांना हा प्रश्न पडणार नाही. आपण ऐकलं ते ऐकलंच नाही असं स्वतःला सांगत माणूस बरीच वर्षं काढू शकतो. आन्येसने आईविरुद्ध हात वर केला तेव्हा तिला त्याचे पैसे मिळाले. या मुलाला काहीच मिळणार नव्हतं, उलट आई, भाऊ आणि बाप तिघंही जाणार होते.

११ एप्रिल २०१४ रोजी मोरिस पुन्हा दोषी ठरला. वीस वर्षं. या वेळी कारणांसकट. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्ज फेटाळला. रने यांनी नव्वदी ओलांडली होती. निकालानंतर दोन वर्षांच्या आत, २०१६ मध्ये, त्या गेल्या. मोरिसला २०२० च्या शेवटी प्रकृतीच्या कारणावरून तुरुंगातून सोडण्यात आलं आणि जानेवारी २०२१ मध्ये न्यू कॅलेडोनियात, वयाच्या ८२ व्या वर्षी, तो वारला. देह कुठे आहे हे त्याने सांगितलं नाही.

प्रोमनाद देझांग्लेवर पालेचा दर्शनी भाग अजून उभा आहे. १९८९ मध्ये त्याला ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला म्हणून तो वाचला. आतली सगळी इमारत १९९० मध्ये पाडली. कमानी तेवढ्या बरीच वर्षं एकट्या समुद्राकडे तोंड करून उभ्या होत्या, मागे काहीच नव्हतं. २००४ पासून तिथे हॉटेल आहे.